शिडाच्या बोटीवरून किनाऱ्यावर उतरून वाढदिवस

उष्ण कटिबंधात शिडाच्या बोटीने फिरताना वाढदिवस किनाऱ्यावर साजरा करायचा असेल, तर तारीख सगळ्यात शेवटी ठरवा. आधी नांगराची जागा, मग वारा, मग भरती-ओहोटीचं कोष्टक बघा. हे तिन्ही जुळले की दिवस ठरला. दोन दिवस पुढेमागे झाल्याने काही बिघडत नाही. सगळे खाली उतरले की मागे बोट सांभाळायला फक्त नांगर उरतो, म्हणून त्याची खात्री केकच्या आधी.

पॅसिफिकमध्ये तारखेचा हिशेब वेगळाच असतो. आंतरराष्ट्रीय वाररेषा पश्चिमेकडे ओलांडली की एक अख्खा दिवस गळतो, आणि तो नेमका वाढदिवसाचा असू शकतो. सामोआने तर २०११ साली ३० डिसेंबर वगळून रेषेची बाजू बदलली. आज सामोआ आणि शेजारच्या अमेरिकन सामोआच्या घड्याळात २४ तासांचा फरक आहे. सामोआतल्या अपियाहून पूर्वेला अमेरिकन सामोआतल्या पागो पागोला गेलं की तोच वार पुन्हा मिळतो.

नव्या देशात पोहोचत असाल तर पिवळा झेंडा लावून थांबा. कागदपत्रं पुरी होईपर्यंत कोणी किनाऱ्यावर पाय ठेवायचा नाही. ताजी फळं, अंडी आणि मांस तपासणीत जप्त होऊ शकतं, म्हणून त्यांच्यावर बेत आखू नका.

नांगर वाळूत टाका, प्रवाळावर कधीच नाही. प्रवाळ मोडतं, शिवाय साखळी त्याच्या उंचवट्याला गुंडाळली जाते, आखूड होते आणि लाटेबरोबर हिसके देऊ लागते. किती साखळी सोडायची याचा हिशेब भरतीच्या पाण्यावर करा. समजा खोली ५ मीटर, भरतीने वाढणारं पाणी १ मीटर आणि बोटीच्या टोकाची पाण्यापासूनची उंची १ मीटर, म्हणजे एकूण ७. याच्या पाचपट, ३५ मीटर, हे कमीत कमी. बोट रिकामी सोडायची असेल आणि आजूबाजूला फिरायला जागा असेल, तर सातपट, म्हणजे जवळपास ५० मीटर सोडा. मग इंजिन मागे चालवून नांगर रुतवा. किनाऱ्यावरच्या एकामागे एक दिसणाऱ्या दोन खुणा धरून ठेवा, उदाहरणार्थ झाड आणि मागचा सुळका. त्या एकमेकींपासून सरकल्या तर नांगर ओढला जातोय. मास्क लावून खाली एकदा बघून या आणि त्यानंतरही तासभर बोटीवरच थांबा. क्षितिजावर काळा ढग उठला असेल तर एकाने मागे राहावं. वादळी झोत कुठूनही येतो, आणि आत्तापर्यंत मागे मोकळं पाणी असलेली बोट किनाऱ्याकडे पाठ करून उभी राहते.

केक सकाळी लवकर करा, केबिन तापायच्या आत. बोटीवर सगळ्यात भरवशाचा केक अंडी, दूध आणि लोण्याशिवायचा: दीड कप मैदा, एक कप साखर, तीन मोठे चमचे कोको, एक छोटा चमचा खायचा सोडा, अर्धा चमचा मीठ, पाच मोठे चमचे तेल, एक मोठा चमचा व्हिनेगर, एक कप पाणी. मैदा चाळून घ्या, साठवणीत पोरकिडे होतातच. सोडा आणि व्हिनेगर भेटल्याबरोबर बुडबुडे सुटतात, म्हणून व्हिनेगर आणि पाणी घालण्याआधी कुकर तापलेला हवा. मिसळून दहा मिनिटं ठेवलंत तर केक बसतो.

ओव्हन नसेल तर प्रेशर कुकर: तळाला दोन कप मीठ, त्यावर जाळी, पाणी अजिबात नाही, झाकणाची रिंग आणि शिटी काढलेली. पाच मिनिटं मध्यम आचेवर तापवा, मग निम्मंच भरलेलं भांडं ठेवून मंद आचेवर ३५ ते ४५ मिनिटं. मधोमध खुपसलेली काडी कोरडी निघाली की झाला. बोट डोलत असेल तर केक एका बाजूला जाड होतो. शेगडी झुलती असेल तर तिची कडी सोडून ठेवा.

केक आणि कुकर दोन्ही पूर्ण गार झाल्यावर केक भांड्यासकट परत कुकरमध्ये ठेवा, रिंग आणि शिटी लावून झाकण बसवा. डिंगीतल्या, म्हणजे किनाऱ्यावर जायच्या छोट्या होडीतल्या, शिंतोड्यांपासून वाचवायला यापेक्षा चांगला डबा नाही. गरम असताना बंद केलात तर वाफेने वरचा थर चिकट होतो. लोण्याचं आयसिंग करूच नका, तीस अंशांच्या उकाड्यात ते ओघळतं. पिठीसाखर सोबत न्या आणि कापायच्या क्षणी भुरभुरवा.

डिंगी लाटांमधून काढताना थांबून मोजा. मोठ्या लाटा गटाने येतात, त्यांच्यामागची शांत वेळ धरा. सगळ्यांना लाइफ जॅकेट, इंजिन बंद करणारी दोरी मनगटाला. उथळ पाण्यात इंजिन वर उचला आणि उतरताना डिंगी आणि किनारा यांच्यामध्ये उभे राहू नका, पुढची लाट तीच डिंगी गुडघ्यांवर आणते. पाय घासत चाला, म्हणजे वाळूत पडलेला पाकट मासा आधीच निसटतो. डिंगी भरतीच्या रेषेच्या वर ओढा आणि वर बांधाही.

नारळाच्या झाडाखाली बसू नका. ओसाड वाटणाऱ्या किनाऱ्यालाही बहुधा मालक असतो. फिजीच्या खेड्यांत तर प्रमुखाला यांगोनाची (कावा हे पेय जिच्यापासून करतात त्या वनस्पतीची) मुळं भेट देऊन परवानगी मागायची रीत आहे. सावलीसाठी ताडपत्री आणि दोन वल्ही पुरतात. दोऱ्या खुंट्यांना नको, वाळूने भरलेल्या पिशव्या हातभर खोल पुरून त्यांना बांधा. माणशी तीन लिटर पाणी घ्या. शिजवलेलं अन्न ३२ अंशांच्या वरच्या उन्हात तासाभराहून जास्त ठेवू नका. प्रवाळावरचे मोठे शिकारी मासे, विशेषतः बॅराकुडा, टाळा. त्यांच्यात साठणारं सिग्वाटेराचं विष शिजवून जात नाही.

मेणबत्त्या वाऱ्यात टिकत नाहीत. बरणीत चार बोटं वाळू घालून त्यात रोवा. फुगे आणू नका, उडालेला फुगा कासव गिळतं. मुदत संपलेले फ्लेअर (संकटात मदत मागायला पेटवायच्या नळ्या) गंमत म्हणून पेटवणं अक्षम्य आहे, कारण कोणीतरी तुम्हाला वाचवायला निघेल. शेकोटी भरतीच्या रेषेखाली पेटवा आणि पाण्याने विझवा. वाळू टाकून विझवलीत तर निखारे आत धगधगत राहतात आणि नंतर कोणाचे तरी तळपाय भाजतात.

इथे संधिप्रकाश जेमतेम वीस-पंचवीस मिनिटांचा. सूर्य टेकायच्या तासभर आधी सामान गोळा करा. त्याच वेळी वाळूमाश्याही निघतात. नांगराचा दिवा निघतानाच लावून आलेला असावा, म्हणजे उशीर झालाच तर बोट सापडते. डिंगीतच समुद्राच्या पाण्याने पाय धुवा, वर जाऊन लिटरभर गोड्या पाण्याने. डिंगी दोरीने वर उचलून टांगा. पुठ्ठ्याची खोकी, फुलं आणि उरलेली लाकडं मात्र बोटीवर आणू नका: त्यांतून मुंग्या आणि झुरळांची अंडी येतात, आणि ती महिनोन्‌महिने निघत नाहीत.