मास्टेक्टॉमीनंतरचं रेडिएशन: टँजेंट आणि व्हीमॅट शेजारी ठेवताना

मास्टेक्टॉमी म्हणजे स्तन काढण्याची शस्त्रक्रिया. त्यानंतर छातीला रेडिएशन द्यायच्या दोन पद्धती इथे ताडून बघायच्या आहेत: टँजेंट, म्हणजे छातीला बाजूने चाटून जाणारे समोरासमोरचे किरण, आणि व्हीमॅट, म्हणजे यंत्र रुग्णाभोवती फिरत असताना आकार बदलत दिलेले किरण. ही तुलना सीटीच्या टेबलावरच सुरू होते. काखेतल्या गाठी काढल्यावर खांदा आखडतो. हात नीट वर गेला नाही तर दंड किरणांच्या वाटेत येतो आणि मग कोणताही प्लॅन (किरण कुठून, किती द्यायचे याचा आराखडा) धड बसत नाही. म्हणून भिंतीवर बोटं चढवण्याचा व्यायाम आधीपासून करून घ्या. व्रण सीटीत दिसावा म्हणून त्यावर तार लावा, ब्रेस्ट बोर्डचा (पाठीखालच्या तिरक्या फळीचा) कोन लिहून ठेवा, काप ३ मिलिमीटरचे घ्या.

डावी बाजू असेल तर श्वास रोखून आणखी एक सीटी घ्या. २० सेकंद श्वास धरता येतो का, ते आधी दोन-तीनदा बघा. इंदूरला सूचना बहुधा हिंदीतून दिल्या जातात, घरी मराठी बोलणाऱ्या बाईंना "काकू, पोट नको, छाती फुगू द्या... आता धरा" एवढं सांगितलं तरी श्वास पुष्कळ स्थिर होतो. छाती फुगली की हृदय छातीच्या भिंतीपासून दूर सरकतं, आणि साध्या टँजेंटनेही काम भागतं.

दोन्ही प्लॅनना सीटी एकच, आखणी (टार्गेट म्हणजे किरण द्यायचा भाग, आणि आसपासचे अवयव यांच्या कडा) एकच, डोस एकच. देवास-धारहून रोज बसने येणाऱ्यांसाठी २५ फेऱ्या आणि १५ फेऱ्या यांत फार अंतर आहे, पण २५ फेऱ्यांत ५० ग्रे की १५ फेऱ्यांत ४० ग्रे (ग्रे हे डोसचं माप) हे आधी ठरवा. एक प्लॅन ५०चा आणि दुसरा ४०चा ठेवून फुफ्फुसाचा व्ही-२० (२० ग्रे किंवा जास्त डोस मिळालेला टक्का) ताडून पाहणं चूक आहे. टार्गेट त्वचेच्या आत किती छाटलं, तेही दोन्हीकडे सारखं हवं. टार्गेटच्या ९५ टक्के भागाला ९५ टक्के डोस (५० ग्रेला ४७.५) मिळेल असे दोन्ही प्लॅन बसवा, मगच बाकीचे आकडे वाचा.

टँजेंट आणि वरचं हासळीचं फील्ड एकाच आयसोसेंटरवर (यंत्र ज्या बिंदूभोवती फिरतं तो) अर्ध्या बीमने, म्हणजे बीमचा एक अर्धा झाकून, जोडलं, तर टँजेंटची लांबी २० सेंटिमीटरच्या पुढे जात नाही. उंच बाईंच्या बाबतीत हे आधी मोजा. उरोस्थीमागच्या गाठी घ्यायच्या असतील किंवा छाती फार गोलाकार असेल, तर टँजेंट खोल जाऊन फुफ्फुसाचा मोठा तुकडा पकडतं. तिथे व्हीमॅटचा खरा फायदा आहे. त्याची किंमत म्हणजे पसरलेला कमी डोस, म्हणून फुफ्फुसाचा व्ही-५ आणि दुसऱ्या स्तनाचा सरासरी डोस बघितल्याशिवाय व्हीमॅट निवडू नका. तरुण बाईंच्या बाबतीत तर मुळीच नाही. हृदयाच्या सरासरी डोसमध्ये प्रत्येक ग्रेला अर्थ आहे: २०१३ च्या मोठ्या अभ्यासात दर ग्रेमागे हृदयविकाराचा धोका सुमारे ७.४ टक्क्यांनी वाढलेला दिसला.

डीव्हीएचवर (कोणत्या अवयवाच्या किती भागाला किती डोस, हे दाखवणारा आलेख) थांबू नका, एकेक काप सरकवत बघा. आलेखात कमी डोस कुठे पडला ते दिसत नाही, आणि तो व्रणावरच असू शकतो. मग छाती थोडी हलली तर काय होईल ते बघायला आयसोसेंटर ५ मिलिमीटर सरकवून दोन्ही प्लॅन पुन्हा मोजा. टँजेंटमध्ये हवेत सोडलेली मोकळी कड असते, म्हणून ते सहसा तगतं. व्हीमॅट मात्र त्वचेलगत कोसळू शकतं, कारण त्याने हवेत बीम उघडलेलाच नसतो. त्यासाठी ऑप्टिमायझेशनच्या वेळी (संगणक प्लॅन घडवतो तेव्हा) आभासी बोलस (बोलस म्हणजे त्वचेवरचा ऊतीसारखा थर) घाला आणि अंतिम मोजणीत काढा.

खरा ५ मिलिमीटरचा बोलस ठेवायचा असेल तर तो व्रणाच्या खाचेत उचलला जातो. खालची हवेची पोकळी पहिल्या दिवशी बोटांनी चाचपा आणि सीबीसीटीवर (उपचाराच्या यंत्रावरच घेतलेल्या सीटीवर) मोजा.