दोन खंडांत पसरलेला देश नेमका कुठे धरायचा

रशिया युरोपात की आशियात यावर वाद घालण्याआधी नकाशा उघडा आणि खंडांची सीमा कुठून धरताय ते ठरवा, कारण या दोन खंडांना पूर्ण वेगळं करणारा समुद्र नाहीच, बरीचशी जमीन सलग आहे आणि रेष माणसांनी आखलेली आहे. पूर्वी डॉन नदी धरायचे, १७३० मधे श्ट्रालेनबर्ग या स्वीडिश अधिकाऱ्याने उरल पर्वत सुचवला आणि तोच पुढे रुळला. आज साधारण उरल पर्वत, उरल नदी, कॅस्पियन, कॉकेशस, काळा समुद्र, मग बॉस्फरस आणि दार्दानेल्स या सामुद्रधुन्या अशी रेष धरतात. कॉकेशसपाशी मात्र थांबून बघा. काहीजण पर्वताचा मुख्य माथा धरतात, काहीजण त्याच्या उत्तरेचा कुमा-मानिच हा सखल पट्टा, आणि एवढ्याशा फरकाने युरोपातलं सगळ्यात उंच शिखरच बदलतं: माथा धरला तर ५६४२ मीटरचं एल्ब्रुस, पट्टा धरला तर आल्प्समधलं माँ ब्लाँ!

रेष ठरली की देशाची जमीन बघा. इजिप्तमधे सुएझ कालव्याच्या पूर्वेचा सिनाई आशियात येतो, तुर्कीची जेमतेम ३ टक्के जमीन युरोपात आहे पण इस्तंबूल शहर दोन्हीकडे पसरलंय, इंडोनेशियाचा पापुआ ओशनियात धरतात. फ्रान्सचं फ्रेंच गयाना दक्षिण अमेरिकेत आहे खरं, पण ते समुद्रापलीकडचं, त्याला या सलग दोन खंडांत पसरलेल्या देशांच्या यादीत घेऊ नका, वेगळं लिहा.

आता खरा प्रश्न, कशासाठी वर्गीकरण करताय? माझ्या मते इथेच लोक गोंधळतात. संयुक्त राष्ट्रांच्या आकडेवारीत प्रत्येक देश एकाच प्रदेशात बसवतात, म्हणून रशिया पूर्व युरोपात, तुर्की, जॉर्जिया, अझरबैजान, सायप्रस पश्चिम आशियात, कझाकस्तान मध्य आशियात. रशियाची तीन चतुर्थांश जमीन आशियात आहे पण तेवढीच लोकसंख्या आणि राजधानी युरोपात, हेही लक्षात ठेवा. फुटबॉलचं गणित अजून वेगळं, कझाकस्तान २००२ पासून युएफा या युरोपच्या फुटबॉल संघटनेमधे खेळतो. सायप्रस २००४ पासून युरोपियन युनियनमधे आहे, म्हणून त्याचं बेट काही जागचं हललं नाही.

देश मोजायचे असतील तर प्रत्येकाला एकदाच मोजा, क्षेत्रफळाची बेरीज करायची असेल तर जमीन दोन खंडांत वाटा, आणि दोन्ही वेळा कुठली सीमा धरली ते तक्त्याखाली लिहाच.