तिकीट एकाचं, तयारी चौघांची

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात लंडनला चाललेय, नऊ दिवस, एकटी. एकटी म्हणजे पासपोर्ट एक, तिकीट एक, सीट एक. आत आम्ही चौघं आहोत. मी, ऑफिसवाली, दादा आणि छोटी. मला डीआयडी आहे, डिसोसिएटिव्ह आयडेंटिटी डिसऑर्डर, १९९४ पर्यंत ज्याला मल्टिपल पर्सनॅलिटी म्हणायचे ते. स्किझोफ्रेनिया वेगळा, पण आपल्याकडे दोन्हीला सरसकट दुभंगलेलं व्यक्तिमत्त्व म्हणून टाकतात आणि मग तो घोळ निस्तरत बसावं लागतं. गावाकडच्या काकूने तर अंगात येतंय म्हणून देवीला नारळ ठेवायला लावला होता. गंमत म्हणजे ती अगदीच चुकली नव्हती, २०१३ च्या डीएसएममध्ये (मानसिक आजारांच्या निदानाचं अमेरिकन पुस्तक) अंगात आल्यासारखा अनुभवसुद्धा या निदानाच्या व्याख्येत घेतलाय, फक्त नारळाने तो जात नाही.

तर यादी. आधी कसाऱ्याची गोष्ट सांगते, कारण माझी सगळी तयारी तिथून सुरू होते. दोन वर्षांपूर्वी संध्याकाळी दादरला गाडी पकडली, ठाण्याला उतरायचं होतं, आणि त्यानंतर मला डायरेक्ट कसारा स्टेशनचं बाकडं आठवतं. मधलं सगळं ब्लँक. नंतर तुकडे जोडून कळलं की छोटी बाहेर आली होती (छोटी साधारण सात वर्षांची आहे), फोनची बॅटरी मेलेली, बाजूला बसलेल्या भाजीवाल्या मावशींनी चहावाल्याकडे फोन चार्जिंगला लावून दिला, फोन चालू झाला आणि पिन मागायला लागला. एरवी बोट लावलं की उघडतो, आणि बोट तर आमचं सगळ्यांचं एकच आहे, पण फोन बंद होऊन चालू झाला की बोट चालत नाही, पिनच लागतो, आणि छोटीला पिन माहीत नव्हता. मावशींनी विचारलं घर कुठंय बाळा, तर तिने गिरगावच्या चाळीचा पत्ता सांगितला. जी चाळ आम्ही वीसेक वर्षांपूर्वी सोडली.

तेव्हापासून कुठलीही वस्तू बॅगेत टाकताना मी एवढंच बघते, की कसाऱ्याच्या बाकड्यावर छोटीला याचा उपयोग झाला असता का. नेटवर सोलो ट्रॅव्हलच्या याद्या ढिगाने आहेत, पण त्या सगळ्या धरून चालतात की जो बॅग भरतो तोच ती उघडतो.

पहिली वस्तू म्हणजे कार्ड. पोस्टकार्डाएवढं, लॅमिनेट केलेलं, स्टेशनसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडून तीन कॉप्या. आणि मराठीत, हे फार महत्त्वाचं, कारण छोटी मराठी मीडियमची दुसरीतली आहे, तिला इंग्रजी वाचता येत नाही, चारी बाजूंनी इंग्रजी पाट्या आणि अनोळखी माणसं दिसली की ती गप्प होऊन कोपरा शोधते. मोठ्या अक्षरात लिहिलंय: "तू लंडनला आहेस. आपण फिरायला आलोय. आपण आता मोठे आहोत, चौतीस वर्षांचे. तो इथे नाही. त्याला हा पत्ता माहीत नाही. ताईला फोन कर, ती रागावणार नाही." मागच्या बाजूला इंग्रजीत हॉटेलचा पत्ता, ताईचा नंबर +९१ सकट, आणि एक ओळ की मला एक आजार आहे ज्यात कधीकधी मी गोंधळते, कृपया हात न लावता हळू बोला आणि आपण कुठे आहोत ते सांगा. एक कॉपी पासपोर्टच्या पाऊचमध्ये, एक कोटाच्या आतल्या खिशात, एक फोनच्या कव्हरमागे.

फोनचा पिन बदललाय, आता तो चौघांनाही आठवेल असा आहे, चाळीतल्या एका गोष्टीवरून (कुठल्या ते लिहीत नाही, एवढी शहाणी आहे मी). लॉक स्क्रीनवर इमर्जन्सी माहिती भरलीय, ती पिन न टाकता दिसते. पॉवर बँक हँड बॅगेत, चेक-इन बॅगेत चालतच नाही. ताईसोबत लाइव्ह लोकेशन चालू ठेवणार.

औषधं. डीआयडीवर स्वतःची अशी गोळी नाही, खरी ट्रीटमेंट थेरपीच, पण झोपेच्या, अँग्झायटीच्या, डिप्रेशनच्या गोळ्या आपल्यातल्या बहुतेकांच्या डब्यात असतातच. मला क्लोनाझेपाम आहे आणि ती यूकेत कंट्रोल्ड ड्रगमध्ये येते. तीन महिन्यांपेक्षा कमी साठा असेल तर लायसन्स लागत नाही, पण आपल्या नावाचं प्रिस्क्रिप्शन किंवा डॉक्टरांचं पत्र जवळ पाहिजे. डॉक्टरांना सांगून प्रिस्क्रिप्शनवर ब्रँडऐवजी औषधाचं मूळ नाव लिहून घ्या, आपले ब्रँड तिकडच्या फार्मसीत कोणाला कळणार. आणि केमिस्टकडून अख्खी पट्टी घ्या बाबांनो. आपल्याकडे कात्रीने कचकन सहा गोळ्या कापून देतात, त्या तुकड्यावर ना नाव ना एक्सपायरी, तो तुकडा कस्टमवाल्यासमोर धरला तर तो काय समजेल. सगळ्या गोळ्या हँड बॅगेत. मी आधी दुबईला एक दिवस थांबून जायचा विचार करत होते, तो सोडला, कारण यूएईत अशा गोळ्यांसाठी आधीच ऑनलाइन परवानगी काढावी लागते आणि तेवढी डोकेफोड मला नको होती. जपानला जाणार असाल तर एक महिन्याच्या वर साठा नेण्याआधी त्यांचे नियम नीट बघा.

दिवसावारी खाने असलेला डबा घेतलाय, कारण आमच्यात "मी घेतली होती ना गोळी" यावर अजिबात भरवसा ठेवता येत नाही, एकीने घेतलेली दुसरीला आठवत नाही आणि मग डबल डोस. खाना रिकामा असेल तर घेतली, विषय संपला. तारखांच्या चिठ्ठ्या चिकटवल्यात. ऑक्टोबरात लंडन आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं, म्हणजे आपली रात्री दहाची गोळी तिकडे संध्याकाळी साडेपाचला येते, आणि साडेपाचला क्लोनाझेपाम घेऊन रस्त्यात फिरायचं नाहीये, म्हणून कुठल्या दिवशी किती सरकवायचं हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घेतलंय. स्वतःच्या मनाने काही करू नका.

फ्लाइट दिवसाची घेतली, चार हजार जास्त पडले. रात्री अडीच-तीनची फ्लाइट म्हणजे आदल्या रात्रीची झोप गेली, आणि झोप गेली की आमच्यात स्विचिंगचा (एक आत जाऊन दुसरं बाहेर येण्याचा) नुसता बाजार भरतो, हे मला अनुभवाने पक्कं माहितीये. विमानात दारू नाही, गोळ्यांबरोबर तर नाहीच. हे दादासाठी लिहिलंय. तो फुकट मिळतंय म्हटल्यावर नाही म्हणत नाही.

दादाचा विषय निघालाच आहे तर वहीचं सांगते. आमची एक कॉमन वही आहे, कोणीही बाहेर असेल त्याने दोन ओळी लिहायच्या, कुठे आहोत, काय खाल्लं, किती खर्च केला. इंग्रजीत लिहिणाऱ्यांना प्रत्येक नोंदीखाली नाव टाकावं लागत असेल, आपल्याला मराठीत ते आयतं मिळतं. "म्युझियमला गेले होते" असेल तर मी किंवा ऑफिसवाली, "गेलो होतो" असेल तर दादा. ताईसुद्धा यावरूनच ओळखते. रोज रात्री तिला एक शब्दाचा मेसेज करायचा ठरलाय, जेवले किंवा जेवलो, आणि लंडनच्या रात्री दहापर्यंत तो आला नाही तर ती आधी मला आणि मग हॉटेलच्या रिसेप्शनला फोन करणार. तिच्याकडे तेव्हा पहाटेचे अडीच वाजलेले असतील, अलार्म लावून उठणारे बिचारी.

जायच्या आधी महिनाभर वहीतच मीटिंगा घेतल्या. हसू नका, घरातली चार माणसं ट्रिपला निघाली तरी आधी बसून ठरवतातच ना. छोटीला विमानाची भीती होती, तिला खिडकीची सीट आणि आजीच्या साडीच्या गोधडीचा तुकडा हवा होता, दोन्ही कबूल. ऑफिसवालीला इमिग्रेशनचा काउंटर सांभाळायला सांगितलंय, अर्थात ठरवून कोणी बाहेर येत नाही, ही काय शिफ्ट ड्युटी नाही, म्हणून किती दिवस, कुठे राहणार, परत कधी, काम काय करता, या चार प्रश्नांची उत्तरं इंग्रजीत एका कागदावर लिहून पासपोर्टातच ठेवलीत. सही हा पण एक घोळ. दादाची सही माझ्यासारखी येत नाही, म्हणून आठवडाभर वहीत पासपोर्टवरच्या सहीची प्रॅक्टिस चाललीय, शाळेत शुद्धलेखन गिरवायचो तशी.

सिक्युरिटीबद्दल जरा सविस्तर लिहिते कारण माझी सगळ्यात जास्त फाटते ती तिथे. डीआयडीमागे बहुतेक वेळा लहानपणी झालेले अत्याचार असतात, आणि अनोळखी हात अंगावर फिरला की शरीराला पुढचं-मागचं काही कळत नाही. मुंबईच्या टर्मिनल २ ला बायकांचं चेकिंग पडद्याआड सीआयएसएफच्या महिला करतात, तिथे आत गेल्याबरोबर मी सांगते, "मॅडम, मला घाबरायला होतं, हात लावायच्या आधी सांगाल का", आणि आतापर्यंत डोमेस्टिकला चारपैकी तीन वेळा त्यांनी खरंच सांगितलंय. चौथीने वैतागून पाहिलं फक्त. मेटलचं बटण, अंडरवायर, कडं, बेल्ट, यातलं काहीच घालायचं नाही, म्हणजे मशीन बीप करणार नाही आणि प्रकरण लवकर आटपतं. हीथ्रोला परतीच्या वेळी अंगझडती घ्यायची झालीच तर वेगळ्या खोलीत घ्या असं सांगता येतं. आणि तिकडे सूर्यफुलांची हिरवी पट्टी मिळते गळ्यात घालायला, फुकट, न दिसणारा आजार किंवा अपंगत्व असलेल्यांसाठी, २०१६ मध्ये गॅटविक एअरपोर्टवर सुरू झाली. ती घातली की स्टाफ जरा वेळ देतो, आजाराचं नाव सांगावं लागत नाही.

खिशात आवळासुपारी. ग्राउंडिंगसाठी, म्हणजे भानावर राहण्यासाठी, मला आंबट-खारट चव लागते, मॅडमनी (म्हणजे थेरपिस्टनी) शिकवलेलं पाच वस्तू बघा, चार गोष्टींना हात लावा वगैरे मी करते, पण आवळासुपारी जिभेवर ठेवली की दहा सेकंदात पाय जमिनीला लागतात. पेढे-बर्फी मात्र नेऊ नका, आपल्याकडून यूकेत दुधाचे पदार्थ आणि मटण-चिकन न्यायला बंदी आहे.

पैसे. फॉरेक्स कार्डात एकदम सगळे भरले नाहीत, ताई इकडून दर दोन दिवसांनी टाकणार, कारण मागे एकदा मला न आठवणारा बारा हजारांचा हेडफोन घरी आला होता. थोडे पाउंड रोख, दोन ठिकाणी.

इन्शुरन्सवर मी दोन संध्याकाळी घालवल्या. आपल्या २०१७ च्या मेंटल हेल्थकेअर अॅक्टच्या कलम २१ नुसार मानसिक आजारालाही शारीरिक आजारासारखाच विमा द्यायला पाहिजे, पण ट्रॅव्हल पॉलिसीच्या बारीक अक्षरात प्री-एक्झिस्टिंग आणि मानसिक आजार वगळलेले सापडतात. एका कंपनीच्या कस्टमर केअरवाल्याने मला गोड आवाजात सांगितलं, मॅडम लिहूच नका ना. लिहिलं नाही तर उद्या क्लेम फेटाळायला त्यांना तेवढंच निमित्त पुरेल. मी लिहिलं, काय कव्हर आहे ते ईमेलवर मागितलं, आणि ज्यांनी लेखी उत्तर दिलं त्यांची पॉलिसी घेतली. डीआयडी त्यात कव्हर नाहीये, पाय मोडला तर आहे. निदान माहिती तरी आहे.

म्हणून इमर्जन्सीचा कागद वेगळा. डॉक्टरांच्या लेटरहेडवर, एक पान, इंग्रजीत: निदान आणि त्याचा आयसीडी-११ (आजारांची जागतिक यादी) मधला कोड ६बी६४, गोळ्या आणि डोस, कशाने बरं वाटतं, काय करू नये, कोणाला फोन करायचा. इंग्लंडमध्ये ९९९ इमर्जन्सीसाठी, १११ वर फोन करून २ दाबलं की मानसिक आरोग्याची मदत, आणि कोणाशी नुसतं बोलायचं असेल तर समॅरिटन्सचा ११६ १२३. एअँडई (हॉस्पिटलचा इमर्जन्सी विभाग) मधले उपचार बाहेरच्या माणसालाही फुकट आहेत, ॲडमिट केलं तर मात्र बिल लागतं. तिकडच्या मेंटल हेल्थ अॅक्टमध्ये कलम १३६ आहे, रस्त्यात कोणी फार त्रासात दिसलं तर पोलिस त्याला सुरक्षित ठिकाणी नेऊन साधारण २४ तासांपर्यंत ठेवू शकतात. घाबरवायला सांगत नाहीये. छोटी कोपऱ्यात बसून रडत असेल आणि पोलिस आला तर त्याच्या हातात हा कागद पडायला हवा, एवढंच. आपली सरकारी मानसिक आरोग्याची हेल्पलाइन टेली-मानस १४४१६ इथे उत्तम आहे, पण परदेशातून हा छोटा नंबर लागेल असं धरून चालू नका. मॅडमशी दोन व्हिडिओ सेशन बुक केलीत, लंडनचे दुपारी साडेतीन, त्यांचे रात्रीचे आठ.

हॉटेलच्या खोलीत गेल्यावर पहिल्या अर्ध्या तासाची कामं: बाथरूमच्या दारावर कागद चिकटवायचा, "हे हॉटेल आहे, दाराला कडी आपणच लावलीय". आरशावर ओढणी टाकायची, कारण छोटी रात्री उठली आणि समोर चौतीस वर्षांची बाई दिसली की किंचाळते, नाशिकच्या ट्रायल ट्रिपला हे झालं आणि शेजारच्या खोलीतले काका दार वाजवायला आले होते. ट्रायल मात्र कराच, दोन रात्री, घरापासून चार-पाच तासांवर, एकट्याने. आरसा आणि सही दोन्ही मला नाशिकलाच कळलं.

परतीचंही आत्ताच ठरवलंय. आल्यावर दोन दिवस सुट्टी, ऑफिसला तारीख एक दिवस पुढची सांगितलीय. टॅक्सी नाही, ताई येणार आहे, आणि अरायव्हलच्या गर्दीत तिने अबोली रंगाचा कुर्ता घालून उभं राहायचंय, कारण बाहेर जो कोणी येईल त्याला ताईचा चेहरा ओळखता येईलच असं नाही, अबोली रंग मात्र चौघांनाही माहितीये.