फेसबुक प्रोफाइल सजवताना या चुका टाळा

माझ्या आईला तिची शाळेतली मैत्रीण कित्येक दिवस फेसबुकवर शोधत होती. शाळेत आई माहेरच्या आडनावाने ओळखली जायची. प्रोफाइलवर मात्र सासरचं आडनाव आणि फोटोच्या जागी जास्वंदीचं फूल! रिक्वेस्ट पाठवायची तरी कोणाला? शेवटी एका लग्नात दोघी समोरासमोर आल्या तेव्हा उलगडा झाला, आणि घरी आल्यावर मी आईचा फोन घेऊन बसले.

आडनावाची ही अडचण आपल्याकडे घरोघरी आहे आणि उपाय फेसबुकमध्येच आहे. 'अबाउट'मध्ये 'अदर नेम्स' म्हणून जागा असते. तिथे माहेरचं नाव, टोपणनाव, नावाचं वेगळं स्पेलिंग, असं काहीही घालता येतं. 'प्रोफाइलवर वर दाखवा' या अर्थाच्या चौकटीत खूण केली की ते मुख्य नावासोबत दिसू लागतं. मूळ नाव बदलायची गरजच पडत नाही.

नाव बदलायचंच असेल तर सेव्ह करण्याआधी एकेक अक्षर वाचून बघा, कारण त्यानंतर ६० दिवस ते पुन्हा बदलता येत नाही. नावाआधी डॉ., ॲड., प्रा. लावणं, मध्ये चांदण्या टाकणं, अर्धं नाव देवनागरीत आणि अर्धं इंग्रजीत लिहिणं, हे सगळं नियमात बसत नाही. पदवी दाखवायची असेल तर तीही 'अदर नेम्स'मध्येच घाला.

फोटोचं म्हणाल तर फूल, देव, गाडी, नातवंडं यांच्यापेक्षा आपला स्वतःचा चेहरा लावा. फोटो गोल कापला जातो आणि कमेंटशेजारी नखाएवढा दिसतो. ग्रुप फोटोत तुम्ही नेमके कोण, हे तिथे कळायला मार्ग नाही.

सणाचा किंवा श्रद्धांजलीचा फोटो लावून विसरून जाणं ही चूक तर फारच जणांकडून होते. आमच्या ओळखीच्या एका काकांनी समईचा फोटो लावला होता. तो महिनोन्‌महिने तसाच राहिला आणि लोक काळजीने फोन करून विचारत राहिले, "घरी सगळं ठीक आहे ना?" फोटो लावतानाच 'मेक टेम्पररी' निवडा. एक तास, एक दिवस, एक आठवडा अशी मुदत देता येते. ती संपली की जुना फोटो आपोआप परत येतो.

कव्हर फोटो, म्हणजे प्रोफाइलच्या माथ्यावरचा मोठा आडवा फोटो, संगणकावर रुंद पट्टीसारखा दिसतो, मोबाइलवर मात्र त्याच्या कडा कापल्या जातात. म्हणजे मोबाइलवर तो उंच आणि अरुंद होतो. लग्नाचा रुंद फोटो लावला की कडेला उभी असलेली आत्या कापली गेलीच म्हणून समजा. महत्त्वाची माणसं मधोमध येतील असाच फोटो निवडा. आणि हे नीट लक्षात ठेवा, की सध्याचा कव्हर फोटो कायम सगळ्यांसाठी खुला असतो. घराच्या नावाची पाटी, गाडीचा नंबर, मुलाच्या गणवेशावरचं शाळेचं नाव त्यात नको. भारतात २०२० पासून प्रोफाइल लॉक करता येतं, म्हणजे मित्र नसलेल्यांपासून झाकता येतं. तरी अनोळखी माणसाला हे फोटो लहान आकारात दिसतातच.

जन्मतारीख पूर्ण उघडी ठेवू नका. दिवस-महिना मित्रांसाठी आणि वर्ष 'ओन्ली मी' म्हणजे फक्त स्वतःसाठी, अशी वेगवेगळी सोय आहे. शुभेच्छाही येतात आणि पूर्ण तारीख कोणाच्या हाती लागत नाही.

सगळं झालं की प्रोफाइलवरच्या तीन टिंबांमधून 'व्ह्यू ॲज' उघडा. परक्या माणसाला आपलं प्रोफाइल कसं दिसतं ते तिथे कळतं. आईचं उघडून पाहिलं तर तिचा फोन नंबर सगळ्या जगाला दिसत होता! आधी तो झाकला, मग माहेरचं नाव घातलं, आणि अंगणात उभं करून तिचा एक हसरा फोटो काढला. जास्वंद आता कव्हरवर आहे.