ईस्टरची तारीख मध्ययुगीन मठांच्या रीतीने कशी काढावी

सर्व ख्रिस्ती मंडळ्यांनी ईस्टर एकाच दिवशी पाळावा, असे 325 सालच्या निकेया येथील धर्मपरिषदेत ठरले. पण तो दिवस काढायचा कसा, हा वाद पुढे काही शतके धुमसत राहिला. पश्चिमेत अखेर रूढ झाली ती अलेक्झांड्रियाची रीत, जी रोममधील डायोनिसियस एग्झिगुअस या मठवासीयाने 525 मध्ये लॅटिन कोष्टकांत उतरवली. कोष्टक हाताशी नसले तरी पुढील आकडेमोडीने तेच उत्तर येते. उदाहरणादाखल 664 हे साल घेऊ.

प्रथम सालाला 19 ने भागावे. बाकी 18 उरते. अधिकमासामुळे आपल्या पंचांगालाही परिचित असलेले हे 19 वर्षांचे चक्र आहे. बाकीला 19 ने गुणून 15 मिळवावेत (357) आणि 30 ने भागावे. उरलेले 27 दिवस 21 मार्चच्या पुढे मोजले की 17 एप्रिल येतो. ही चांद्रमासाची चौदावी तिथी, म्हणजे चर्चची पौर्णिमा होय. ती आकाशातील चंद्राशी तंतोतंत जुळेलच असे नाही, आणि तशी अपेक्षाही नव्हती.

आता वार काढावा. सालात त्याचा चौथा हिस्सा (अपूर्णांक सोडून) आणि 4 मिळवून 7 ने भागावे: 664, 166 व 4 मिळून 834, बाकी 1. बाकी 1 म्हणजे 24 मार्चला रविवार, 2 म्हणजे सोमवार, याप्रमाणे शून्य म्हणजे शनिवार. त्यावरून 17 एप्रिलला बुधवार येतो, आणि ईस्टर पौर्णिमेनंतरच्या रविवारी असतो, म्हणून तो 21 एप्रिलला.

पौर्णिमाच रविवारी आली तर मात्र त्यापुढचा रविवार धरावा. आयर्लंडच्या परंपरेतील मठवासी मात्र पौर्णिमेचाच रविवार धरत, शिवाय त्यांचे चक्रही 84 वर्षांचे होते. परिणामी उत्तर इंग्लंडमधील नॉर्थम्ब्रियाचा राजा ओस्विऊ आयरिश रीतीने ईस्टर साजरा करीत असताना, केंटहून आलेली आणि रोमची रीत पाळणारी त्याची राणी अजून उपवास करीत झावळ्यांचा रविवार (ईस्टरच्या आधीचा रविवार) पाळत असे, असे इंग्रज इतिहासकार बीड लिहितो. 664 मध्ये व्हिटबी येथे हिल्डाच्या मठात आयरिश बाजूचा कोलमन आणि रोमच्या बाजूचा विल्फ्रिड यांचा युक्तिवाद ऐकून राजाने रोमची बाजू घेतली.

पाश्चात्त्य चर्चसाठी ही रीत 1582 च्या पंचांगसुधारणेपर्यंतच वापरावी. बहुतेक ऑर्थोडॉक्स मंडळ्या आजही तीच पाळतात. त्यांची चालू शतकातील तारीख आजच्या कॅलेंडरप्रमाणे हवी असल्यास आलेल्या उत्तरात 13 दिवस मिळवावेत.