ब्रेक मारला की पेडल नाचतंय? डिस्क बदलायच्या आधी हे वाचा

आयटीआयला मोटर मेकॅनिकची दोन वर्षं काढून सोलापुरात एका गॅरेजला लागलो तेव्हा मला वाटायचं ब्रेकचं काम म्हणजे पॅड (डिस्कला दाबून चाक थांबवणारे घट्टे) बदलले की झालं. दुसऱ्याच महिन्यात एक जुनी वॅगन आर आली, मालक म्हणले तुळजापूरचा घाट उतरताना ब्रेकवर पाय ठेवला की स्टेअरिंग थरथरतंय आणि पेडल पायाला ठोके देतंय. मी लगेच ज्ञान पाजळलं, डिस्क, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी ब्रेकची चकती, वाकडी झालीय म्हणून. दोन्ही डिस्क नव्या, पॅड नवे, गाडी एकदम लोण्यासारखी. अन् दोन-अडीच महिन्यांत तीच गाडी, तेच दुखणं घेऊन परत दारात!

उस्तादांनी एवढंच विचारलं, "हब साफ केलतास का बे?"

नव्हतं केलं. हब म्हणजे डिस्क आणि चाक ज्यावर बसतं तो मधला भाग. जुन्या गाडीच्या हबवर गंजाचे पापुद्रे असतात, त्यावर नवी डिस्क बसवली की ती केसभर तिरकी बसते. गंमत अशी की हे लगेच कळत नाही. प्रत्येक फेऱ्यात डिस्कची एकच जागा पॅडला घासत राहते, तिथं ती झिजून पातळ होते, आणि पॅड जाड-पातळ जागेवरनं गेला की पॅडला ढकलणारा पिस्टन मागंपुढं होतो, तोच ठोका ब्रेकचं तेल पेडलपर्यंत आणतं. म्हणजे बऱ्याचदा डिस्क वाकलेली नसतेच, जाडी कमीजास्त झालेली असते.

त्यामुळं आधी चाक वरखाली हलवून बेअरिंगचा प्ले (ढिलेपणा) बघा, मग सगळे नट आवळून डिस्कला डायल गेज (केसभर फरकही काट्यावर दाखवणारं मापयंत्र) लावून डिस्क फिरवा. साधारण 0.05 मिमीच्या वर काटा हलला की संशय घ्यायचा. मग डिस्कवर आणि हबवर खूण करून डिस्क एक भोक पुढं फिरवून बसवा, उंच जागा डिस्कबरोबर सरकली तर दोष डिस्कचा, जागेवरच राहिली तर हबचा. त्या गाडीत ती जागेवरच राहिली, वायर ब्रश आणि पॉलिश पेपरनं हब घासला तर काटा बराच खाली आला. जाडी मायक्रोमीटरनं सात-आठ ठिकाणी मोजायची, आणि घासून सपाट करायला लेथला द्यायच्या आधी डिस्कवर कोरलेली कमीत कमी जाडी बघायची, त्याच्या खाली गेली तर सरळ भंगारात.

स्टेअरिंग शांत पण सीट थरथरतेय, तर मागच्या चाकांचे ब्रेक ड्रम बघा. मोकळ्या रस्त्यावर, मागं कोणी नसताना, हळू वेगात हँडब्रेकचं बटण दाबून धरून हलकेच ओढायचा, तेव्हाही थरथर आली तर ड्रम ओव्हल. एबीएसवाल्या (ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा असलेल्या) गाडीत जोरात ब्रेक मारल्यावर पेडल थरथरतं ते वेगळं, तो दोष नाही.

आणि गाडी आत घ्यायच्या आधी मालकाला शेवटचं पंक्चर कधी काढलं ते विचारा. पानाला पाईप घालून, वर उभं राहून नट आवळलेले असतात, तेही एका बाजूनं, त्यानंही डिस्क तिरकी बसते. नट सैल करून, समोरासमोरचे घेत टॉर्क रेंचनं (ठरलेल्या ताकदीनंच आवळणाऱ्या पान्यानं) बसवले की काही गाड्यांचं दुखणं तिथंच जातं, मालक म्हणतात एवढंच होतं होय, अन् पैसे द्यायला कुरकुरतात.