पोराला डोळ्यासमोर रंगीत गोळे दिसतात? डॉक्टरकडे जाण्याआधी हे करा

सांगलीहून मिरजेला न्यूरोच्या डॉक्टरांकडे चार वर्षं जातेय. मेंदूच्या मागच्या भागातली, म्हणजे ऑक्सिपिटल फिट घरात कुणाला फिट वाटतच नाही. पोरगं म्हणतं गोळे फिरतायत, मग डोकं दुखतं, उलटी होते, आणि सगळे म्हणतात पित्त झालंय, मोबाईल काढून घ्या.

झटके आले तर कुशीवर झोपवा, तोंडात काही घालू नका, कांदा नि चप्पल हुंगवणाऱ्यांना लांब करा, घड्याळ बघा, 5 मिनिटांच्या वर गेलं की थेट दवाखाना.

खरं अवघड काम म्हणजे पोराला काय दिसलं ते काढून घेणं. मी इथंच चुकले. "चमकतंय का? नागमोडी रेघा होत्या का?" असं मी विचारत गेले, आठ वर्षांचं पोरगं हो हो म्हणत गेलं, तेच मी डॉक्टरांना सांगितलं आणि कित्येक महिने मायग्रेनच्या गोळ्या चालल्या. म्हणून सांगते, काहीही विचारू नका. डोकं उतरलं की त्याच दिवशी वही नि स्केचपेन द्या, "दिसलं ते काढ" एवढंच म्हणा, आणि पानावर तारीख टाका. माझ्या पोरानं लाल, निळे, पिवळे ठिपके काढले, सगळे पानाच्या डाव्या कडेला! फिटमध्ये बहुतेक असे रंगीत गोल दिसतात आणि काही सेकंदांत, फार तर दोन-तीन मिनिटांत संपतं, मायग्रेनच्या रेघा बहुतेक काळ्या-पांढऱ्या, हळूहळू पसरत 5 मिनिटांच्या वर चालतात. डोकं दोन्हीत दुखतं, त्यावरून ठरवू नका.

वेळ अंदाजानं तर अजिबात सांगू नका, घाबरलेल्या आईला एक मिनिट दहा वाटतं. दिसायला लागलं की माझा हात दाब, गेलं की सोड, असं पोराला आधीच शिकवून ठेवा आणि स्टॉपवॉच लावा. घरात दुसरं कुणी असेल तर त्यांनी व्हिडिओ काढायचा, डोळे कुठल्या बाजूला वळतात ते दिसलं पाहिजे.

तीन ते सहा वर्षांच्या लेकरांत प्रकार वेगळा असतो, रात्री झोपेत उलट्या, पांढरंफटक तोंड, डोळे एका बाजूला, आणि हे अर्धा तासही चालतं, त्याला पित्त समजून सकाळची वाट बघू नका.

ईईजीला, म्हणजे डोक्याला तारा लावून मेंदूचा आलेख काढतात त्याला, केसाला तेल नको, आदल्या रात्री किती जागवायचं ते डॉक्टरांना विचारा. झोपेतला ईईजी पण करा म्हणून स्पष्ट सांगा, नुसता जागेपणीचा नॉर्मल आला म्हणून विषय संपत नाही.

बऱ्याच मुलांचं मोठं होताना थांबतं, सगळ्यांचं नाही, त्यामुळं गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही. आणि उन्हाळ्यात कृष्णेत पोहायला गेलं तर शेजारी पोहता येणारं मोठं माणूस पाण्यात पाहिजे, घाटावर बसलेलं नाही.